साखर उतरली, थकवा उतरला नाही : टाइप २ मधुमेहाच्या निदानानंतरचे एक प्रकरण

हे प्रकरण एका व्यक्तीच्या साधारण आठ महिन्यांच्या वाटचालीचे आहे. त्यांच्या संमतीने ते लिहिले असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा उल्लेख येथे ‘श्रीमती क’ असा केला आहे. मधुमेह समुपदेशक या नात्याने मी या प्रकरणात पहिल्या आठवड्यापासून होते, आणि त्यातल्या काही चुका माझ्याही आहेत.

पार्श्वभूमी

श्रीमती क यांचे वय निदानाच्या वेळी ५१ होते. त्या मुद्रितशोधक आहेत. ग्रंथाची प्रुफे वाचणे, चुका हेरणे आणि दुसऱ्या वाचकाकडे पाठवणे हे काम त्या वीसेक वर्षे करत आल्या आहेत. सहा वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी चालू होती. वजन गेल्या काही वर्षांत वाढत गेले होते, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. दातांच्या एका छोट्या शस्त्रक्रियेआधी रक्ततपासणी झाली, तीत उपाशीपोटीची साखर डेसिलिटरला २१४ मिलिग्रॅम आली आणि एचबीएवनसी ९.८ टक्के. निदानासाठी अनुक्रमे १२६ आणि ६.५ हे आकडे पुरेसे असतात. यावरून त्या उंबरठ्याच्या किती पुढे गेल्या होत्या हे लक्षात येईल. ९.८ या एचबीएवनसीचा अर्थ असा, की मागील दोन-तीन महिने त्यांची सरासरी साखर २३५ च्या आसपास होती.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन कमी मात्रेत सुरू करून चार आठवड्यांत वाढवत नेण्याचे ठरवले आणि सोबत सकाळी घ्यायची ग्लिमेपिराइडची २ मिलिग्रॅमची गोळी दिली. त्याच दुपारी त्या माझ्याकडे आल्या. मी आहाराचा तक्ता दिला, कर्बोदके कमी कशी करायची ते सांगितले आणि घरी साखर मोजण्याचे यंत्र कसे वापरायचे ते दाखवले. झोपेबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही. ग्लिमेपिराइडची चिठ्ठीही मी त्या दिवशी पाहिली नाही. या दोन्ही गोष्टी पुढे महागात पडल्या.

अडचण

श्रीमती क यांची तक्रार साखरेच्या आकड्यांची नव्हतीच. त्यांचे पहिले वाक्य असे होते : “मला एकच ओळ तीनदा वाचावी लागते, आणि तरी ती वाचली की नाही हे सांगता येत नाही.” निदानाच्या आधी दोन-तीन महिन्यांपासून हे सुरू झाले होते. निदान झाल्यावर त्याला एक नाव मिळाले, एवढेच.

त्यांच्या व्यवसायामुळे एक मोजमाप आपोआप उपलब्ध होते. सोळा पानांचा एक फर्मा वाचून झाल्यावर दुसरा वाचक तो तपासतो आणि निसटलेल्या चुका मोजल्या जातात. पूर्वी श्रीमती क यांच्या हातून एका फर्म्यात दोन किंवा तीन चुका निसटत, निदानाच्या सुमारास नऊ ते अकरा निसटू लागल्या होत्या. “डोक्यात धुके भरले आहे” ही तक्रार मोजायची कशी, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. येथे त्याचे उत्तर रुग्णाने स्वतःच आणले होते, आणि खरे सांगायचे तर मोबाइलवरच्या कोणत्याही स्मरणशक्तीच्या चाचणीपेक्षा ते अधिक विश्वासार्ह होते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा खर्च करतो. त्यामुळे साखर फार चढली किंवा फार उतरली की विचारांचा वेग मंदावतो, हे समजण्यासारखे आहे. साखर २७० च्या वर गेली की अनेकांची आकडेमोड आणि प्रतिसाद हळू होतात, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. सगळ्यांचेच तसे होते असे मात्र नाही. श्रीमती क यांची जेवणानंतरची साखर तेव्हा ३०० च्या पुढे जात होती. म्हणून सुरुवातीला सर्वांनी, त्यांनी स्वतःही, एकच निष्कर्ष काढला : साखर उतरली की हे सगळे जाईल.

पहिला निर्णय : थांबून पाहणे

डॉक्टरांनी सांगितले की चार ते सहा आठवडे द्या. हा सल्ला चुकीचा नव्हता. साखर सुमारे १८० च्या वर राहिली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात, तिच्यासोबत पाणी जाते, तहान लागते आणि रात्री वारंवार उठावे लागते. श्रीमती क तेव्हा रात्री चार वेळा उठत होत्या. चार वेळा उठणाऱ्या माणसाला सकाळी ताजेतवाने कसे वाटणार? साखर आटोक्यात आणणे हाच पहिला उपाय होता. त्याच वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि हृदयाचा आलेख एवढ्या तपासण्या झाल्या आणि त्या सर्व ठीक आल्या. मधुमेही स्त्रियांमध्ये हृदयविकार कधी कधी केवळ थकव्याच्या रूपाने समोर येतो, म्हणून हृदयाचा आलेख काढणे आवश्यक होते.

चूक थांबण्यात नव्हती. थांबण्याला शेवटची तारीख नव्हती आणि त्या तारखेला नेमके काय पाहायचे, हे ठरलेले नव्हते.

या काळात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही परस्पर घडल्या. दुसऱ्या आठवड्यात श्रीमती क यांनी नवा चष्मा करून घेतला, कारण अक्षरे पुसट दिसू लागली होती. साखर वेगाने बदलते तेव्हा डोळ्यातील भिंगात पाणी कमी-जास्त होते आणि चष्म्याचा नंबर काही आठवडे हलता राहतो. त्यामुळे साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये, हे मी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. सहाव्या आठवड्यात तो चष्मा निरुपयोगी ठरला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मधल्या महिनाभरात ‘डोके चालत नाही’ या तक्रारीचा काही भाग प्रत्यक्षात ‘नीट दिसत नाही’ असा होता, आणि तो आम्ही कोणीच वेगळा काढला नाही. दिवसभर अक्षरांवर डोळे रोखून बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत तरी हा प्रश्न पहिल्या भेटीत सुचायला हवा होता.

दुसरी गोष्ट बी-१२ या जीवनसत्त्वाची. कोणीतरी सांगितले की मधुमेहात थकवा आला की बी-१२ कमी असते. त्यावर श्रीमती क यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांकडून तपासणी न करताच इंजेक्शने घेतली. आठवडाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. नंतर तपासणी केली तेव्हा पातळी अर्थातच भरपूर आली आणि मुळात कमतरता होती की नव्हती, हे कळण्याचा मार्ग बंद झाला. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ चे शोषण कमी होते हे खरे आहे, पण यकृतात त्याचा साठा असतो आणि कमतरता निर्माण व्हायला सहसा वर्षे लागतात. पाच आठवड्यांच्या मेटफॉर्मिनवर तो आळ घेता येत नव्हता. आधीपासून कमतरता असण्याची शक्यता मात्र होती, आणि नेमकी तीच तपासायची राहून गेली. रक्ताची एक नळी आधी भरून ठेवली असती तर हा घोळ झाला नसता.

सहाव्या आठवड्याची स्थिती

उपाशीपोटीची साखर ११८ ते १३० च्या दरम्यान आली होती. तहान गेली होती. आकड्यांच्या हिशेबाने प्रगती उत्तम होती. फर्म्यातील निसटलेल्या चुका मात्र अजून आठ होत्या.

तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, “बाई, साखर छान आहे. थोडा ताण कमी करा.” ताण होता, यात शंका नाही. पण आकडा सुधारला आणि तक्रार राहिली, की ती मनाची ठरवण्याची घाई आपण फार लवकर करतो. त्या दिवशी त्या घरी जाऊन रडल्या, असे त्यांनी मला पुढे सांगितले. नोकरी सोडण्याचा विचारही त्याच आठवड्यातला.

त्यानंतर त्यांनी एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून दोन्ही गोळ्या बंद केल्या. कोणाला न सांगता, नऊ दिवस. उपाशीपोटीची साखर १९० च्या पुढे गेली, रात्रीचे उठणे वाढले, आणि दहाव्या दिवशी घाबरून त्या परत आल्या. आम्ही सर्वांनी त्यांना बोल लावले. मीही लावले. असे परस्पर औषध थांबवणे धोक्याचे असते, आणि कोणी हे वाचून तसे करू नये. पण बोलण्याच्या ओघात त्या एक वाक्य बोलल्या होत्या : “तेवढ्या दिवसांत सकाळी अकराची थरथर मात्र थांबली होती.” ते वाक्य मी वहीत लिहून घेतले आणि त्याचा अर्थ लावायला दोन आठवडे घालवले. या प्रकरणातला सर्वांत मोठा धागा तेव्हाच हातात आला होता. आम्ही रागवण्यात गुंतलो होतो.

समोरचे पर्याय

नवव्या आठवड्यात डॉक्टर, श्रीमती क, त्यांचे पती आणि मी असे चौघे एकत्र बसलो. समोर चार वाटा होत्या.

पहिली, काहीही न बदलता तीन महिन्यांच्या एचबीएवनसीची वाट पाहणे. दुसरी, नैराश्यावरचे औषध सुरू करणे. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत त्यांना २७ पैकी ११ गुण आले होते आणि १० किंवा त्याहून जास्त गुण आले की मध्यम नैराश्याची शक्यता धरली जाते. तिसरी, औषधे बदलणे. चौथी, थकव्याची वेळ आणि जात नोंदवून मग ठरवणे.

दुसऱ्या पर्यायावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त आढळते, तेव्हा तो विषय टाळण्याचा प्रश्नच नव्हता. पण प्रश्नावली उलगडून पाहिली तेव्हा ११ पैकी ८ गुण तीनच प्रश्नांतून आले होते : झोप, थकवा आणि एकाग्रता. म्हणजे ज्या तक्रारींचे कारण आम्ही शोधत होतो, त्याच तक्रारी प्रश्नावलीने मोजल्या होत्या. कामात रस न वाटणे याला एक गुण होता, उदास वाटण्याला शून्य, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांनाही शून्य. नैराश्य नाहीच असे यावरून म्हणता येत नव्हते, पण औषध काही आठवडे पुढे ढकलण्याइतका आधार होता. मधुमेहाच्या रोजच्या व्यवहाराचे ओझे मात्र स्पष्ट दिसत होते. “प्रत्येक घासाला परीक्षा दिल्यासारखे वाटते,” असे त्या म्हणत. त्यासाठी समुपदेशनाच्या पाच बैठका ठरल्या. पीएचक्यू-९ दर महिन्याला पुन्हा भरायचे आणि उदासीचे गुण वाढले तर लगेच निर्णय बदलायचा, असेही लिहून ठेवले. पहिल्या सहा आठवड्यांत जे केले नव्हते, ते येथे केले.

चौथा पर्याय निवडला गेला.

चौदा दिवसांची नोंदवही

नोंदवही अगदी साधी होती. वेळ, त्या वेळची साखर, त्याआधीचे जेवण किती वाजता झाले, आणि चौथ्या रकान्यात तीनपैकी एकच खूण : ‘झोप येते’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोके चालत नाही’. एकच खूण करायची हा नियम मुद्दाम ठेवला, कारण ‘थकवा’ हा शब्द लिहायला परवानगी दिली असती तर चौदाही दिवस तोच शब्द लिहिला गेला असता. साखर दिवसातून चार-पाच वेळा मोजायची होती, आणि थरथर जाणवली की तेव्हा लगेच.

चौदा दिवसांनी वही उघडली तेव्हा चित्र बरेच स्वच्छ होते.

सकाळी उठल्यापासून साडेनऊपर्यंत जवळजवळ रोज ‘झोप येते’. त्या वेळी साखर ११५ ते १३५, म्हणजे तिला दोष देण्यासारखे काही नाही.

साडेअकरा ते साडेबारा या वेळात चौदापैकी आठ दिवस ‘डोके चालत नाही’ किंवा ‘अंगात त्राण नाही’, सोबत घाम आणि थरथर. या आठ वेळांपैकी पाच वेळा साखर ७० च्या खाली होती, सर्वांत कमी ५८. उरलेल्या तीन वेळा ती ९० ते ९८ होती.

दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा ‘झोप येते’. या वेळी साखर १९० ते २२०.

म्हणजे ज्याला सगळे थकवा म्हणत होते, त्याची किमान तीन रूपे होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी होती.

दुसरा निर्णय : सकाळची गोळी

साडेअकराचे कोडे सर्वांत आधी सुटले. निदानानंतरच्या भीतीने श्रीमती क यांनी सकाळचे खाणे जवळजवळ बंद केले होते. मी दिलेला तक्ता त्याला पूरक ठरला होता. त्याच सकाळी त्या ग्लिमेपिराइड घेत होत्या. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिन एकटे असताना साखर सहसा धोकादायक खाली जात नाही, ग्लिमेपिराइडच्या बाबतीत मात्र जेवण चुकले की ती जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीतली गोळी आणि माझ्या तक्त्यातली काटछाट, दोन्ही आपापल्या जागी योग्य होत्या, पण त्या एकाच सकाळी एकत्र आल्या आणि कोणी एकाने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत. नऊ दिवस गोळ्या बंद असताना थरथर का थांबली होती, तेही आता कळले.

९० ते ९८ असतानाची थरथर हा वेगळा प्रकार. महिनोन्महिने सरासरी २३५ वर राहिलेल्या शरीराला ९५ हा आकडाही खाली गेल्यासारखा वाटतो आणि ते धोक्याची घंटा वाजवते. असे वाटणे खरे असते, पण धोका नसतो, आणि शरीराचा हा उंबरठा काही आठवड्यांत हळूहळू खाली येतो. हा फरक मोजल्याशिवाय कळत नाही. न मोजता दर वेळी साखर खाल्ली तर दुपारचा आकडा चढतो, आणि न मोजता दर वेळी दुर्लक्ष केले तर कधीतरी ५८ ला अपघात होतो.

गोळी न्याहारीसोबत घेणे, अकरा वाजता थोडे खाणे, मात्रा निम्मी करणे आणि गोळी बंद करणे, असे चार उपाय चर्चेत होते. अकराचे खाणे हा सोपा उपाय होता, पण गोळीच्या मागे धावत खात राहणे डॉक्टरांना पटले नाही. त्यांनी मात्रा आधी १ मिलिग्रॅम केली आणि दोन आठवड्यांनी ती गोळी थांबवली. न्याहारी पुन्हा सुरू झाली, प्रथिनांचा भाग वाढवून. ७० च्या खाली आकडा आलाच तर १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हे त्यांना आणि कार्यालयातल्या एका सहकारी बाईंना शिकवले. गोळी थांबल्यानंतर तशी वेळ एकदाही आली नाही.

याच सुमारास, म्हणजे अकराव्या आठवड्यात, दुसरा चष्माही झाला. निसटणाऱ्या चुका आठावरून सहावर आल्या. त्यात गोळीचा वाटा किती आणि चष्म्याचा किती, हे सांगता येणार नाही. दोन्ही एकदम बदलले, आणि एकाच माणसावर असा हिशेब मांडता येत नाही.

तिसरा निर्णय : सकाळची झोप

उठल्याबरोबर झोप येते, साखर ठीक असताना येते, आणि आणखी एक खूण : साखर उतरल्यावरही त्या रात्री दोनदा लघवीला उठत होत्या. त्यामागे साखर नव्हती. झोपेत श्वास अडखळत असेल तरीही रात्री लघवी जास्त होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वाढलेले वजन, रक्तदाब, टाइप २ मधुमेह आणि सकाळची झोप या चार गोष्टी एकत्र आल्या की झोपेतील श्वसनअवरोधाची शंका घ्यायलाच हवी.

श्वसनअवरोधाच्या निदानात पहिला साक्षीदार शेजारी झोपणारा माणूस असतो. येथे साक्षीदारच नव्हता. श्रीमती क यांच्या घोरण्यामुळे त्यांचे पती पाच वर्षांपासून दुसऱ्या खोलीत झोपत होते. “घोरते ती, पण त्यात काय,” असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. शेवटी धाकटी बहीण चार दिवस राहायला आली तेव्हा तिने सांगितले, “ताई, तू मध्येच श्वास घ्यायची थांबतेस. मी मोजत बसते, परत कधी घेतेस ते.”

एपवर्थ निद्रामापन ही १९९१ पासून वापरात असलेली आठ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. बसून वाचताना किंवा दुपारी आडवे पडल्यावर डोळा लागण्याची शक्यता किती, असे प्रश्न तीत असतात आणि २४ पैकी १० च्या पुढचे गुण जास्तीची झोप दाखवतात. श्रीमती क यांचे गुण १५ होते. चौथ्या महिन्यात घरीच रात्रभराची चाचणी झाली. श्वास तासाला सरासरी २७ वेळा अडखळत होता. १५ ते ३० ही मध्यम श्रेणी मानली जाते, म्हणजे त्या तिच्या वरच्या टोकाला होत्या.

एकदा त्यांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा तीत सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांची पट्टी निघाली. नाक चोंदले की त्या आठवड्यातून तीन-चार रात्री घेत. या गोळ्यांची गुंगी दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळते. “ते काही औषध नाही, सर्दीची गोळी आहे,” म्हणून चिठ्ठ्यांच्या यादीत ती कधीच आली नव्हती. ती बंद झाली आणि नाकासाठी फवारा मिळाला, जो पुढच्या टप्प्यालाही उपयोगी ठरला.

सीपॅप यंत्र, म्हणजे मुखवट्यातून हवेचा हलका दाब देऊन श्वसनमार्ग उघडा ठेवणारे उपकरण, पाचव्या महिन्यात आले. पहिले दोन आठवडे ते टिकले नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा लावून त्यांना गुदमरल्यासारखे होई, आणि मध्यरात्री तो काढून त्या उशाखाली ठेवत. येथे पुष्कळ जण यंत्र परत करतात. आम्ही मुखवटा बदलला. नाकपुड्यांशी बसणारा छोटा प्रकार घेतला, आणि आठवडाभर दिवसा पुस्तक वाचताना तो अर्धा तास लावून बसायचे ठरवले. पाचव्या आठवड्यापासून यंत्राच्या नोंदीत रात्रीचा चार तासांहून अधिक वापर दिसू लागला. रात्रीचे उठणे एकदाच, कधी तेही नाही.

कामाची फेरमांडणी

उपचार लागू पडेपर्यंतचे तीन महिने कसे काढायचे हा वेगळा प्रश्न होता, आणि रोजच्या जगण्यात त्याचेच वजन अधिक होते. श्रीमती क यांनी वरिष्ठांना निदानाचा सगळा तपशील सांगितला नाही. “काही महिने माझे एकेक फर्मे दुसऱ्या वाचकाकडून पूर्ण तपासून घ्या,” एवढेच मागितले आणि ते मिळाले. सकाळची पहिली वेळ त्यांनी पत्रव्यवहार आणि नोंदींना दिली, बारीक वाचन साडेनऊ ते साडेअकरा या वेळात हलवले. ओळीखाली फूटपट्टी धरून वाचणे, जे त्यांनी उमेदवारीच्या काळात सोडले होते, ते पुन्हा सुरू केले. पंचवीस मिनिटे वाचून पाच मिनिटे उभे राहायचे. शंका आलेली ओळ पुन्हा पुन्हा न वाचता समासात खूण करून पुढे जायचे आणि दुपारी सगळ्या खुणा एकदम पाहायच्या. शेवटची युक्ती त्यांची स्वतःची. धुक्यात उभे राहून एकाच ओळीशी झगडण्यात वेळ आणि आत्मविश्वास दोन्ही जातात, हे त्यांचे म्हणणे मला पटते, आणि आता मी ते इतरांना सांगते.

दुपारी तीनच्या झोपेसाठी जेवणातील कर्बोदकांचा वाटा कमी करून तो भाग न्याहारीकडे सरकवला आणि जेवणानंतर लगेच बारा-पंधरा मिनिटे चालणे ठरले. चालताना स्नायू रक्तातील साखर थेट वापरतात, त्यामुळे ऐन चढाच्या वेळचे चालणे आकड्यावर लगेच दिसते. तीनची साखर १५० ते १७० वर आली. व्यायामाचा मोठा कार्यक्रम आम्ही मुद्दाम लांबणीवर टाकला. झोपच न झालेल्या माणसाला पहाटे उठून पळायला सांगणे, हा सल्ला कागदावर चांगला दिसतो.

निष्पत्ती

तिसऱ्या महिन्यात एचबीएवनसी ७.४ होते आणि आठव्या महिन्यात ६.८, तेही ग्लिमेपिराइडशिवाय. एपवर्थचे गुण १५ वरून ७ वर आले. पीएचक्यू-९ चे गुण ४ झाले, नैराश्यावरचे औषध न घेता. वजन पाच किलो कमी झाले. फर्म्यातील निसटणाऱ्या चुका तीन ते चार. म्हणजे पूर्वीच्या जवळ, पण पूर्वीइतक्या कमी नाहीत. लांबलचक तळटिपा असलेला मजकूर अजून जड जातो, असे त्या सांगतात, आणि भरपेट जेवणानंतरची दुपार अजूनही मंद असते.

पुन्हा करायचे झाले तर

निदानाच्या दिवशी झोपेचे तीन प्रश्न विचारले असते, घोरणे, रात्री उठणे आणि सकाळची झोप, तर सीपॅपपर्यंत पोहोचायला पाच महिने लागले नसते. साखरेने रात्रीचे उठणे समजावून दिले, आणि त्या समाधानकारक उत्तरामुळेच पुढचा प्रश्न राहून गेला. आहाराचा तक्ता देण्याआधी मी आता गोळ्यांची चिठ्ठी मागते, आणि चिठ्ठीबाहेरच्या गोळ्यांसह सगळी पिशवीही. ‘सहा आठवडे थांबा’ असे सांगताना सहाव्या आठवड्याला काय पाहायचे ते लिहून देते.

नोंदवही पहिल्या महिन्यातच द्यायला हवी होती का, याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. निदानाच्या धक्क्यातल्या माणसावर आणखी एक वही लादणे हेही ओझेच असते, आणि श्रीमती क तर आधीच प्रत्येक घास मोजत होत्या. कदाचित चार दिवसांची वही पुरली असती.

गोळ्या बंद करून परत आलेल्या माणसाला आधी “त्या दिवसांत काय बदलले?” असे विचारायचे आणि रागवायचे ते नंतर, हा बदल मात्र मी स्वतःमध्ये केला आहे. थकव्यासोबत छातीत जडपणा, एका बाजूला अशक्तपणा, बोलण्यात गोंधळ, किंवा साखर फार चढलेली असताना उलट्या, यांपैकी काहीही असेल तर वहीबिही न करता तातडीने रुग्णालय गाठायचे, हे नोंदवहीच्या पहिल्याच पानावर आता छापलेले असते.

श्रीमती क यांच्या बी-१२ ची तपासणी शेवटच्या इंजेक्शननंतर वर्ष होईल तेव्हा पुन्हा करायची ठरली आहे. तोवर मेटफॉर्मिनलाही वर्ष उलटलेले असेल, त्यामुळे आकडा कमी आला तर त्याचे कारण मूळचे की गोळीचे, हे तेव्हाही कळणार नाही. उपचार मात्र दोन्ही बाबतींत तोच असेल.